बिनखताचं कढण

२१ जानेवारी, मंगळवार

आज सातवं डायलिसिस. सकाळी सहाला शेजारच्या नूरमहंमदच्या जीपने निघालो, आठच्या आत नगरला पोहोचलो. छबू चार तास आत, मी बाहेर बाकावर. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र आहे. त्या आता पाठ झाल्या.

वजन आणखी दोन किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले, हे पाणी नाही, अंग उतरतंय. जेवण वाढवा. आहार सांगणाऱ्या फलक मॅडमकडे पाठवलं. आमच्या लेकीहून, धनश्रीहून लहान असेल. शांतपणे सांगत होती. भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी टाकून द्या, मग फोडणी घाला. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. बिघडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. रक्तात वाढलं तर हृदय थांबतं. दिवसभरात सगळं मिळून एक लिटरच पाणी. मी वहीत उतरवून घेतलं. तिने छापील कागदही फाइलला टोचून दिला.

येताना जीपमध्ये छबू म्हणाली, "भाजीचं पानी फेका म्हनत्यात. मी येळवनी फेकली आसती तर सासूनं मला फेकलं आसतं."

नूरमहंमद हसला. "वहिनी, नगरला नळ हाय. तेन्ला काय, फेकतील."

पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढून त्याची आमटी करतात. आमच्याकडे डाळीपेक्षा त्या पाण्याची वाट बघितली जाते. छबूचं म्हणणं मला पटलं.

२२ जानेवारी

एक गोष्ट एकदा लिहून टाकतो.

छबूचे गुडघे चार वर्षं दुखत होते. मी मेडिकलमधून गोळ्या आणायचो. डॉक्टरला न विचारता, पट्टीच्या पट्टी. गोळी घेतली की ती उठून कामाला लागायची, आणि मला वाटायचं बरं झालं. डिसेंबरात नगरच्या डॉक्टरांनी विचारलं, या गोळ्या कोण देत होतं? यांनीच किडन्या गेल्यात. मी तोंड उघडायच्या आत छबू म्हणाली, "मीच आनत हुते. यास्नी कायबी म्हाईत न्हाई."

डॉक्टर तिच्यावर रागावले. मी ऐकत उभा राहिलो.

जिन्यात मला रडू आलं. लोक बघत होते. ती म्हणाली, "आता ते डोक्यातनं काढा."

काढलेलं नाही.

२३ जानेवारी

तिला उभं राहवत नाही. सैपाक मी करतो. चाळीस वर्षांत चहापलीकडे काही केलं नव्हतं.

कागदात लिहिल्याप्रमाणे फ्लॉवर उकळला. पाणी मोरीत ओतलं. पिवळसर, वाफाळतं पाणी होतं, सगळ्या घराला त्याचा वास आला. उरलेली भाजी चिंधीसारखी. मीठ नाही. छबूने दोन घास खाल्ले.

"चव मोरीत गेली," म्हणाली.

तिचं मनगट माझ्या बोटांत आता पूर्ण येतं.

२५ जानेवारी, शनिवार

गहिनीनाथच्या खताच्या दुकानासमोर उभा होतो. पन्नास किलोच्या गोण्या उतरत होत्या. प्रत्येक गोणीवर मोठ्या अक्षरांत पोटॅश.

पोटॅश आणि पोटॅशियम. गहिनीनाथला विचारलं. तो म्हणाला, एकच की. भाजीला, उसाला, डाळिंबाला, सगळ्यांना लागतं. टाकल्याशिवाय वजन भरत नाही.

म्हणजे लोक हे रानात ओततात, ते भाजीत मुरतं, भाजी उकळली की पाण्यात येतं, आणि छबूच्या रक्तात जातं. फलक मॅडम शहरात वाढलेली. भाजीत ते येतं कुठून हे तिला कोणी सांगितलं नसेल. ती बाजारच्या भाजीबद्दल बरोबरच बोलते. पण ज्या भाजीला पोटॅश घातलंच नाही, तिच्या पाण्यात ते येईल कुठून?

हा विचार मी तीन वेळा तपासला. चूक सापडली नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला शाळेत गेलो. तिथे अजिनाथ भेटला, जुना विद्यार्थी. मोहट्याच्या रस्त्याला अर्धा एकर भाजी करतो.

"खत काय घालतोस?"

"इकतचं कायबी न्हाई, गुरुजी. चार वर्सं झाली, दुकानाची पायरी चढलो न्हाई."

"औषध?"

"गोमूत्र. दुसरं कशाला हात न्हाई लावत."

मी रान बघायला गेलो. पालकाची पानं तळहाताएवढी. बांधावर शेवगा. काळी, भुसभुशीत माती. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्याने भाजीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, बाईंना बरं वाटलं की बघू.

२७ जानेवारी

पहिलं कढण.

शेवग्याचा पाला दोन मुठी, पालक, गाजर, दुधी, दोन टोमॅटो, कोथिंबिरीच्या काड्या, एक बटाटा सालीसकट. जिरं, आलं, चार मिरी. तीन तांबे पाणी. मंद आचेवर दीड तास. मग फडक्यातून गाळलं आणि चोथा पिळला. वर लिंबू.

छबू स्टुलावर बसून सांगत होती. झाकण ठेवू नका, रंग जाईल. अवो, ढवळा जरा, पुस्तक न्हाई ते. मधेच म्हणाली, "मास्तर चुलीपाशी बसले. शाळंत कळलं तर सुट्टी देतील पोरांना."

मी म्हणालो, "रिटायर मास्तर आहे मी."

"म्हून तर. न्हाईतर म्या मेले तरी उठले नसते."

वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवलीच नाही. संपल्यावर वाटीच्या कडेवरून बोट फिरवून चाटलं.

"कुनी शिकवलं तुमाला?"

"तूच."

पूर्ण वाटी. मी वहीत वर तारीख टाकून खूण केली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडा झाला. रोज सकाळी एक वाटी. ती वाट बघते. भाकरीही अर्धी खाते आता. आज वजन उतरलं नाही. नर्स म्हणाली, काकू टवटवीत दिसतात.

नूरमहंमद आरशातून बघून म्हणाला, "गुरुजी, वहिनींना काय खुराक चालू हाय? आमाला बी सांगा. माझं पाय बघा, चप्पल चढना." त्याचे पाय खरंच सुजलेत. शुगर आहे, पण तो गोडाला नाही म्हणत नाही.

छबू म्हणाली, "शरिफाला सांगा करायला."

"शरिफा मारल मला. तिचा मटनाचा सूप सोडून पाला प्यायचा?"

फलक मॅडमला कढणाबद्दल सांगावं असं मनात आलं. पण तिला पोटॅशचं समजावत बसावं लागलं असतं. बाहेर रांग होती.

१० फेब्रुवारी

पाण्याची मर्यादा सांभाळायला हवी. एक लिटरमध्ये चहा, गोळ्या, आमटी. कढणाची वाटी त्यात बसवताना तिला तहानेने झुरावं लागतं. उपाय सापडला. तीन तांबे पाणी आटवत आटवत एक वाटी करतो. अडीच तास लागतात. रंग गर्द होतो, जवळजवळ काळा. सगळ्या टोपलीचं सत्त्व एका वाटीत येतं आणि पाणी वाढत नाही.

आता सकाळ-संध्याकाळ देतो.

मला या कामाची ओढ लागलीय. पातेल्यासमोर बसलो की गोळ्या आठवत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

छबूचे पाय जड झालेत. मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरली. ओठांना मुंग्या येतात म्हणते. अशक्तपणा. शेवग्याचा पाला चार मुठी केला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हे घाईत लिहितो. सकाळी ती उठलीच नाही. डोळे उघडे होते, बोलत होती, पण पाय हलेनात. नाडी हाताला लागेना, लागली की मधेच थांबायची. नूरमहंमदने उचलून जीपमध्ये घातलं. एका तासाच्या आत नगर.

पोटॅशियम सात पूर्णांक एक. पाचाच्या आसपास हवं. इंजेक्शन दिलं, लगेच मशीनवर घेतलं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं. नारळपाणी दिलं? केळी? मोसंबीचा रस? सुकामेवा? मी प्रत्येकाला नाही म्हणालो. ते खरं होतं.

१९ फेब्रुवारी

वाचली. बोलते. उद्या सोडतील.

मी कारण शोधतोय. गेल्या बुधवारी अजिनाथकडे टोमॅटो नव्हते, मी आठवडे बाजारातून चार आणले होते. चारच, पण पोटॅशवर वाढलेले. आणि हे मी छबूला दिलं. पुन्हा मीच.

दुपारी औषधं घेऊन वर आलो तेव्हा फलक मॅडम छबूच्या पलंगाच्या कडेला बसली होती. छबूचा हात तिच्या हातात. मला बघून दोघी थांबल्या.

नंतर विचारलं, "काय म्हणत होती?"

"काय न्हाई. पोरगी गुनाची हाय. लगीन झालंय का, इचारलं."

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा कढण सुरू केलं. बाजारचं काही नाही, आलंसुद्धा नाही.

छबू म्हणाली, "अवो, थोडे दिस पानी फेकूनच करू की भाजी. एवढी शिकल्याली पोरगी सांगती तर."

मी तिला नीट समजावलं. खत, माती, भाजी, पाणी. पाटीवर काढावं तसं बोटाने चादरीवर काढून दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, चादरीकडे नाही.

"व्हय," म्हणाली.

तिला पटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं डायलिसिस बरं गेलं. पोटॅशियम पाच. म्हणजे माझं अनुमान बरोबर होतं, ते टोमॅटोच.

फाइलची पिशवी हल्ली ती माझ्याकडे देत नाही. मांडीवर घेऊन बसते. "तुमच्या हातात किती वझं," म्हणते. डब्याची पिशवी तर एकच असते.

वाटी मी तिच्यासमोर ठेवतो आणि ती म्हणते, निवू द्या, पिते. मग मला काहीतरी काम सांगते. दुधाचं बघा, फोन वाजला का बघा. परत येतो तोवर वाटी रिकामी असते.

"तुमी पयल्यावानी वाचत बसा की," आज म्हणाली. "दिसभर त्या पातेल्याफुडं."

"मला आवडतं."

"ते दिसतंय," म्हणाली.

५ मार्च, बुधवार

तिचे गाल पुन्हा बसलेत. दोन वाट्या पिऊनही का, कळत नाही. अजिनाथकडून पाला जास्त मागवला.

शेजारी रोजे सुरू झालेत. नूरमहंमद शुगर असून धरतो. शरिफाभाभी मागच्या दारी येऊन छबूशी त्यावरून भांडतात, जणू तिनेच त्याला सांगितलंय.

१० मार्च, सोमवार

मागच्या दारी कढीपत्त्याच्या बुडाशी मुंग्या लागल्या होत्या. माती ओली, हिरवट. बोट लावून वास घेतला. कढण.

किती दिवस? विचारलं, तर म्हणाली, "मोजलं न्हाई."

माझा आवाज चढला. मी म्हणालो, अडीच अडीच तास मी उभा असतो. मी म्हणालो, मोहट्यापर्यंत सायकल मारतो या वयात. ती म्हणाली, "मग नका करू."

"तुला जगायचंच नाही का?"

ती दंडावरची पट्टी नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "तसं न्हाई वो."

"मग कसं?"

तिने सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं होतं.

११ मार्च, मंगळवार

डायलिसिस. जाता-येता बोललो नाही. नूरमहंमदनेही गाणं लावलं नाही.

शुक्रवारी धुळवड, केंद्र बंद. पुढची पाळी शनिवारी दिली.

मी वर्गात कधी छडी वापरली नाही. मुलाने चूक केली की त्याच्याशी बोलणं बंद करायचो. दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन उभं राहायचं. छबूला हे माहीत आहे. कढण केलं, तिच्यासमोर ठेवलं नाही, ओट्यावरच ठेवलं.

१२ मार्च, बुधवार

ती आली. दुपारी, भिंत धरत, सैपाकघराच्या दारापर्यंत.

"द्या ती वाटी."

"जबरदस्ती नाही."

"मास्तर, भाव खाऊ नका. द्या."

मी गरम करून दिली. तिने उभ्यानेच घेतली. वाटी हातात धरून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग एका दमात प्यायली आणि शाळेतल्या मुलीसारखी वाटी उपडी करून दाखवली.

"आता बोला माझ्यासंगं."

संध्याकाळपर्यंत बोललो. धनश्रीच्या जन्माच्या वेळी मी परीक्षेचे पेपर तपासत दवाखान्यात बसलो होतो आणि नर्सने एका पोराला नापास करू नका म्हणून सांगितलं होतं. छबू हे अजून विसरलेली नाही. इतकं हसली की खोकला आला. संध्याकाळची वाटीही घेतली.

आज सगळं जागेवर आलं असं वाटतं.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरण नाही केलं. कढण दोनदा. तिने मागून घेतलं.

१४ मार्च

छबू गेली. करंजी घाटात.

१७ मार्च

लिहायला हवं, नाहीतर क्रम विसरेन.

सकाळी पाय हलेनात. मागच्यासारखंच. मी नूरमहंमदला उठवलं. त्याचा रोजा, तोंडात पाणी नाही. तिसगावात पोरं रंग घेऊन रस्त्यावर उभी होती. त्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. एकाने तरी पिचकारी मारलीच. छबूच्या पदरावर निळा डाग पडला. ती बघून म्हणाली, "घ्या."

घाटात मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती म्हणाली, "काल जिरं जास्त झालं हुतं."

"पुढच्या वेळी कमी घालतो."

"व्हय."

एवढंच. पुढच्या वळणावर तिचा हात माझ्या हातात वेगळा लागला. नूरमहंमदला मी सांगितलं नाही. त्याला जोरात नेऊ दिलं.

दवाखान्यात सांगितलं, पोटॅशियम.

२६ मार्च

दहावा झाला. धनश्री आज राहात्याला परत गेली. जाताना दारात थांबली.

"अण्णा, पोटॅशियम वाढलं कसं पण?"

"डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

"तुम्ही किती केलंत तिचं."

मी मान हलवली. केलं. तेवढं एक आहे माझ्याकडे. गोळ्यांचं पाप त्याने फिटत नाही, पण शेवटचा महिना-दीड महिना मी तिच्या पोटात एक वाईट पान जाऊ दिलं नाही. टोमॅटोचं सोडलं तर.

३० मार्च

पातेलं घासून पालथं घातलं. दिवस फार मोठा आहे.

२ एप्रिल, बुधवार

शरिफाभाभी शीरखुर्मा घेऊन आल्या. ईद परवा झाली. वाटी खाली ठेवून तिथेच बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

नूरमहंमदच्याही किडन्या गेल्या. रोज्यातच सूज चढली, त्याने सांगितलं नाही. कालपासून डायलिसिस. जीप आता भाचा चालवतो.

"गुरुजी, छबूताईला ते पानी देत हुता ना. तिच्या तोंडावर काय तेज आलं हुतं मधी. ह्यास्नी बी देते. आन्नच जात न्हाई वो."

कितीतरी दिवसांनी मला कोणीतरी काहीतरी विचारलं. मी उठून बसलो. भाज्या सांगितल्या, पाला किती, आटवायचं किती. बाजारची भाजी अजिबात नको म्हणालो, मी अजिनाथला सांगून ठेवतो. मापं उद्या लिहून देतो.

"दुवा लागल तुमाला," म्हणाल्या.

३ एप्रिल, गुरुवार

सायकलने अजिनाथकडे गेलो. तो वाफ्यांवर काहीतरी उधळत होता. करडं, बारीक.

"काय रे हे?"

"राख, गुरुजी. गुऱ्हाळावरनं आनतो."

"कशाला?"

"पोटॅश नको का? इकतचं घेत न्हाई, म्हून राख. राखंत भरपूर आसतंय."

मी विचारलं, आणि राख घातली नाही तर? माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"तरी बी आसतंयच. मातीतनं वढतंय झाड. त्याबिगर पान धरंल का? पाल्यात तर लई." तो हसला. "आवो, तुमीच शिकवलं न्हाई का आमाला?"

"मी मराठी शिकवायचो."

"हां. मग ते सायन्सच्या सरांनी."

त्याने नूरमहंमदसाठी टोपली भरून ठेवली होती. मी ती घेतली नाही. सायकल हातात धरून चालत आलो. रस्त्यात कुठेतरी बसलो होतो. कुठे ते सांगता येणार नाही.

४ एप्रिल

शरिफाभाभींनी दोनदा दार वाजवलं. मापं मागायला. मी आत गप्प बसून राहिलो.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझ्या बायकोला मी दीड महिना विष आटवून दिलं, असं? शेजारणीला, दारात उभं राहून? त्या दुसरं काहीतरी देतील. माप नाही म्हटल्यावर विसरतील.

निदान छबूला हे कळलं नाही. दिवसभर याच वाक्याला धरून बसलोय.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी फलक मॅडमचा तो छापील कागद पुन्हा बघायचा म्हणून फाइलची पिशवी काढली. ती अजून छबूने गाठ मारली तशीच होती.

कागदाच्या मागे केसपेपर. त्यावर फलक मॅडमचं अक्षर. इथे जसंच्या तसं उतरवतो.

"दि. १९/२. रुग्ण घरी भाज्यांचे आटवलेले पाणी रोज दोन वाट्या घेत असल्याचे सांगते. ते ताबडतोब बंद करण्यास सांगितले. जिवाचा धोका समजावला. रुग्णास समजले. पतीला बोलावून सांगू का, असे विचारले. रुग्णाने 'नको, मी सांगते' असे म्हटले."

शेजारी तिचा अंगठा नाही, सही आहे. चौथीपर्यंतच्या अक्षरात, पूर्ण नाव, माझ्या नावासकट.

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. ऊन ओट्यावरून जमिनीवर आलं. मग वास आला. भिंतीच्या पलीकडून. शेवग्याचा पाला, जिरं, आलं. चांगला तास-दीड तास आटलेलं असणार. शरिफाभाभींनी मापाची वाट बघितली नव्हती.

केसपेपर घेऊन गेलो. चप्पल घातली नव्हती, हे परत आल्यावर कळलं.

नूरमहंमद मधल्या खोलीत खाटेवर होता. मानेला पट्टी. मला बघून उठायला लागला. "या, गुरुजी. तुमचंच औषध चाललंय बघा. वासानंच अर्धा बरा झालो."

शरिफाभाभी सैपाकघराच्या दारात आल्या. हातात पळी. "दोन दिस कुटं हुता? मी आपलं आंदाजानं केलं. बघा बरं, रंग आलाय का."

मी म्हणालो, देऊ नका.

"का? चुकलं काय?"

मी केसपेपर वाचून दाखवला. उभं राहून, अक्षर अक्षर सुटं, वर्गात वाचायचो तसा. दुसऱ्या कुठल्याही प्रकारे मला ते तोंडातून काढता आलं नसतं. तारखेपासून सहीपर्यंत. मग म्हणालो, हे पाणी मी तिला दिलं. भाजी कुठलीही असो, खताची असो की नसो. फलक मॅडमचं मला चुकीचं वाटत होतं, तेच बरोबर होतं. तिला याने मारलं.

शरिफाभाभींच्या हातातली पळी खाली आली.

मग नूरमहंमदने विचारलं, "वहिनींना म्हाईत हुतं?"

"हो."

"आन् तरी प्यायल्या?"

"मी बोलत नव्हतो तिच्याशी."

त्याने तोंड भिंतीकडे केलं.

शरिफाभाभी आत गेल्या. मी मागोमाग गेलो. गॅस बंद केला. पातेलं अर्ध्यावर आलं होतं, गर्द हिरवं, वर जिरं तरंगत होतं. त्यांनी दोन्ही बाजूंनी फडकं धरून ते उचललं आणि मोरीपाशी नेलं. तिथे थांबल्या.

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी ओतलं. वाफ त्यांच्या तोंडावर आली तरी त्यांनी मान वळवली नाही. पाणी जायला वेळ लागला, मोरीत पाला अडकला होता. मी वाकून तो हाताने काढला.